एसीखालचं तीर्थ

गुरुवार आला की बोरिवलीतल्या आमच्या वन बीएचकेबाहेर जिन्यापर्यंत चपला पसरायच्या. आमच्या बेडरूममध्ये म्हणे देव प्रकटला होता! एसीखालच्या भिंतीवर मांडी घालून बसल्यासारखी काळपट आकृती उमटली होती आणि तिच्या अंगावरून पाणी ओघळत होतं. माझे वडील, चंद्रप्रकाश, बँकेतून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. ते हे पाणी वाटीत धरून पळीने लोकांच्या हातावर घालत. मला लाजेने मान वर करवत नसे.

"हे पाणी नव्हे, साक्षात हिमालयातली गंगा!" दर गुरुवारी आमच्याकडे येणारे देवव्रत महाराज गर्जायचे. "देवाला गारवा हवा. एसी बंद करू नका, खिडकी उघडू नका. भक्त जेवढे जास्त, तेवढं तीर्थ जास्त!"

आणि खरंच, गर्दी वाढली की धार वाढायची. एरवी नुसते थेंब. आमच्या घरची हजेरी हिमालयात कोण कळवत होतं देव जाणे.

माझी मुलगी श्रुतिका याच खोलीत आजी-आजोबांजवळ झोपायची. तिचा खोकला हटेना, श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. मी भिंत पुसायला गेलो तर आई आडवी आली. "सुबोध, देवावर फडका मारतोस? पोरीला तीर्थानेच बरं वाटेल."

शेवटी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर शर्मिष्ठाला मी भर गुरुवारी वर बोलावलं. तिने श्रुतिकाची छाती तपासली, मग भिंतीकडे पाहिलं.

"ही बुरशी आहे काका. पोर रोज हीच छातीत ओढतेय."

महाराज हसले. "मग गर्दीत धार का वाढते, डॉक्टरबाई?"

"सांगते ना." तिने बर्फ घातलेल्या पाण्याचा स्टीलचा पेला मागवला आणि सगळ्यांसमोर धरला. पेला बाहेरून घामेजला. "हेपण तीर्थ का? हवेतली वाफ गार पत्र्याला लागली की पाणी होतं. एसीत हेच होतं. बंद खोलीत ही वाफ येते आपल्या श्वासातून, घामातून. माणसं जास्त, पाणी जास्त. तुम्ही इतके दिवस एकमेकांचा घाम पिताय!"

पुढे बसलेल्या काकूंनी पदर तोंडाला लावला.

"पण हे पाणी एसीच्या नळीतून बाहेर जायला हवं, भिंतीवर नव्हे," असं म्हणत शर्मिष्ठा बाल्कनीत गेली. नळीच्या तोंडात भगव्या कापडाचा बोळा कोंबलेला होता. तिने तो ओढला तसं शेवाळी पाणी भसकन बाहेर पडलं.

आईचा चेहरा उतरला. "महाराज, पहिल्यांदा घरी आलात तेव्हा बाल्कनीत तुम्हीच एकटे जपाला बसला होतात ना?"

"देव कोपेल!" म्हणत महाराज चपला शोधायला लागले. त्यांना कुणी अडवलं नाही. सगळे अप्पांकडे, माझ्या वडिलांकडे बघत होते.

अप्पांनी हातातली वाटी खाली ठेवली. "जन्मभर लोकांच्या सह्या पारखल्या मी," ते म्हणाले. "घरातली एक नळी बघितली नाही. मला लाज वाटते. माफ करा. पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात पुढे करण्याआधी विचारा, हे आलं कुठून? मी विचारलं नाही, आणि माझ्या नातीला माझ्याच हाताने हे पाजलं."

त्यांनी खिडकी सताड उघडली. मागे श्रुतिका खोकत होती. तिच्याकडे वळून बघायची मात्र त्यांना हिंमत झाली नाही.