कंपनीनं दिलेला बाक

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत रिसेप्शनला आहे, म्हणजे बसण्याचा पगार घेते. सरुबाई लॉबी पुसतात. नऊ तासांत त्या बसतात ती जेवणाची वीस मिनिटं, तीही जिन्यावर. गुडघे सुजले तेव्हा त्यांनी ऑफिसची व्यवस्था बघणाऱ्या पूर्णिमा मॅडमकडे एक साधं स्टूल मागितलं. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुम्ही कंत्राटदाराच्या. आमच्या नाही. आम्हाला काही करता येत नाही."

कंपनीचा दानधर्मही याच मॅडमच्या हाती. यंदा त्यांनी रस्तोरस्ती ठेवायला पन्नास बाक करवून घेतले. प्रत्येकावर पितळी पाटी: 'कष्टकऱ्यांच्या विसाव्यासाठी, सप्रेम'. पहिला बाक लॉबीत आला. त्याच्यावर बसून फोटो काढायला धायरीहून चार कष्टकरी बायका बोलावल्या होत्या. फोटोग्राफर आला, मुंबईचे मोठे साहेब आले. बायकांची गाडी मात्र वाकडच्या पुलापाशी अडकली. हिंजवडीत वेळेवर पोचता येतं असं मानणारी माणसं कंपन्या चालवतात, याचं मला रोज नवल वाटतं.

साहेबांना विमान गाठायचं होतं. मॅडमची नजर लॉबीभर भिरभिरली.

"मावशी, ते पोछ्याचं राहू द्या. जरा बसता का इथे?"

सरुबाई बसल्या. साहेबांनी फीत कापली, नारळ हातात दिला, "हा बाक तुमचा," म्हणाले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, साहेब गेले.

"झालं. उठा आता," मॅडम म्हणाल्या.

"का बरं? मला दिलाय न्हवं?"

"अहो, आपल्याच माणसांना दिलं तर ते दान धरत नाहीत. नियम आहे. तुम्ही आमच्याच ना!"

मी फोन उचलायचा सोडून ऐकत राहिले.

"स्टूल मागितलं तवा मी कंत्राटदाराची होते," सरुबाई शांतपणे म्हणाल्या. "आज तुमची झाले व्हय? मग तसं लिहून द्या. पगार, सुट्ट्या, समदं तुमच्यासारखं. न्हाईतर बाक माझा हाय."

मॅडमनी थेट लिफ्ट गाठली. मला इतका आनंद झाला की पुढचे तीन फोन मी चुकीच्या मजल्यावर जोडले.

दीड वाजता धायरीच्या बायका आल्या, उन्हानं आणि ट्रॅफिकनं पार शिणलेल्या. कार्यक्रम संपल्याचं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. सरुबाई कडेला सरकल्या.

"या, बसा गं," त्या म्हणाल्या. "कंपनी काय म्हनत न्हाई. बाक माझा हाय."