भोंग्यावर वाजलेली रेकॉर्ड

बहात्तरच्या दुष्काळात ढोकीजवळच्या आमच्या गावातला सोसायटीचा भोंगा आमच्याच घराच्या माळवदावर होता. माझे मालक सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणून अँप्लिफायरही घरात. टँकर आला की भोंग्यावरून पुकारायचं. टँकरचा नेम नसे, त्यामुळं भोंग्याची तार कुणीच कधी सोडत नसे.

माझा दीर व्यंकट साखर कारखान्यात होता. त्यानं नवा रेकॉर्ड प्लेअर आणला आणि एका दुपारी तो त्या अँप्लिफायरला जोडला. घरात ऐकायला शेजारीच एक स्पीकरची पेटी लावली. भोंग्याची तार मात्र सवयीनं तशीच राहिली.

सासूबाई, केशरबाई, आतून खणात गुंडाळलेली एक जुनी काळी रेकॉर्ड घेऊन आल्या.

"माझ्या माहेरची हाय. दार लाव, मग वाजव. तुझ्या बापाच्या कानावर गेलं तर ह्या घरात माझं काई खरं न्हाय."

"माय, एवढं काय हाय त्यात?" व्यंकट हसला.

मी दार लावलं. सुई टेकली आणि कोवळ्या पोरीचा असा आवाज उठला की माझ्या अंगावर काटा आला. फार जुन्या रेकॉर्डवर गाणारे शेवटी आपलं नाव सांगत. ती पोरगी ठसक्यात म्हणाली, "मी रुद्रम्मा, नळदुर्ग!"

तेवढ्यात दारावर धपाधप थापा पडल्या. उघडलं, तर अख्खी गल्ली घागरी घेऊन उभी!

"टँकर कुठाय गं?" शेजारची दगडाबाई धापा टाकत होती. "भोंगा वाजला म्हणून पळत आलो. आन् ही रुद्रम्मा कोण बया?"

व्यंकटनं कपाळाला हात लावला. गर्दी बाजूला झाली. मागं सासरे, महालिंगप्पा, उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"गाणार न्हाय म्हणून शपथ घेतली हुतीस," ते सासूबाईंना म्हणाले. "म्हणून तर लग्नात नाव बदललं तुझं."

म्हणजे रुद्रम्मा त्या सासूबाईच! वीस वर्षं मी ह्या बाईच्या हाताखाली राबले, तिला साधी ओवी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं.

"शपथेच्या आदुगरची हाय ती," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सासऱ्यांना उलटं बोललेलं मी प्रथमच ऐकत होते.

"व्यंकट, भोंगा बंद कर," सासरे म्हणाले.

व्यंकटचा हात बटणाकडं गेला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "सुई पयल्यापासून ठेव."

व्यंकटनं एकदा बापाकडं पाहिलं, आणि सुई उचलून पुन्हा सुरुवातीला टेकवली.