खिडकीची तीन पानं

आजऱ्याच्या त्या काजू कारखान्यात प्रतवारीच्या खोलीला खिडकी एकच. लांब टेबलाच्या दोन्ही अंगांना बाराजणी बसतात. डोक्यावर चार ट्यूबलाइट, त्यांतली एक कायम गेलेली. खिडकीजवळच्या स्टुलावर जी बसते तिला वारा मिळतो, उजेड मिळतो, आणि रस्त्यानं कोण कुणाबरोबर चाललंय हेही आपोआप कळतं. अशा जागेवरून बायका भांडणार नाहीत तर कशावरून भांडतील? म्हणून बाळाबाई नावाच्या एका शहाण्या बाईनं फार वर्षांपूर्वी रीत घालून दिली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, प्रत्येकीनं तीन पत्ते उचलायचे. जिचे वरचे, तिची महिनाभर खिडकी.

पत्ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतात. आता ते पन्नासच उरलेत. एक गुलाम भट्टीत पडला आणि दुसरा टेबल डुगडुगतं म्हणून पायाखाली घातला, तो झाडताना गेला. नवा जोड आणायचं दर दिवाळीला ठरतं आणि राहतं.

रीतीचं दुसरं कलम असं, की जिची पानं तिनंच वाचायची. तोंडानं सांगायचं आणि पालथी डब्यात टाकायची. याला कारण आहे. या बायका आधी खालच्या खोलीत काजू फोडायला असायच्या, आणि तिथंही सुट्टीत पत्ते चालायचे. काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी जाते. तेव्हा एकीच्या हातातलं पान दुसरीनं धरायचं नाही, असं ठरलं. पुढं त्या वर प्रतवारीला आल्या, हात स्वच्छ झाले, पण रीत राहिली. आजवर कुणी कुणाचं पान उलटून बघितलेलं नाही. बाळाबाई म्हणायची, "खोटं बोलून खिडकी मिळंल, पन वारा न्हाय लागायचा."

शालूबाईनं अकरा वर्षं खाली काढली होती आणि नऊ वर्षं वर. खिडकीसाठी ती कधी हपापलेली नव्हती. मिळाली तर मिळाली. पण या मे महिन्यात तिला ती हवीच होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. कोल्हापुरात ऑपरेशनची तारीख मिळाली होती बावीस. तोवर निभावायचं होतं. ट्यूबलाइटखाली तिला अख्खा दाणा आणि चीर गेलेला दाणा सारखाच दिसायला लागला होता. मागच्या आठवड्यात सुपरवायझर विजयसिंहानं तिच्या ट्रेमधून चार पाकळ्या, म्हणजे फुटलेले अर्धे दाणे, उचलून टेबलावर ठेवल्या. ज्या बाईची नजर गेली तिला तो परत खाली फोडायला पाठवतो. खुद्द बाळाबाईला असंच पाठवलं होतं, आणि दोन महिन्यांत तिनं काम सोडलं. म्हणून शालूबाईनं डोळ्यांचं कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारी डबे धुऊन झाल्यावर सोनूबाईनं पत्ते पिसले. सोनूबाई खोलीत सगळ्यांत थोरली, बाळाबाईच्या मागं डबा तिच्याकडं. बायका एकेक करून वाचत गेल्या. कुणाला जोडी लागली, कुणाला नुसताच राजा. शेवटी दोघी राहिल्या.

निशा म्हणाली, "कलर. तिन्ही बदाम."

निशा कबनूरची. नवरा प्रसेनजीत एसटीत कंडक्टर, म्हणून इकडं बिऱ्हाड. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढल्यामुळं तिनं साधं मीठ मागितलं तरी शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. कामावर येऊन महिना होत आला होता, पत्त्यांना पहिल्यांदाच बसली होती. काजूच्या वासानं तिचं डोकं उठायचं, म्हणून खिडकी तिलाही हवी होती.

शालूबाईनं पानं डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. "सिक्वेन्स," ती म्हणाली. "सत्ती, अठ्ठी, नव्वी." आणि पानं पालथी घातली.

"झालं की मग," सोनूबाई म्हणाली. "खिडकी शालूची."

"असं कसं आक्का?" निशा म्हणाली. "कलर वर असतोय. सिक्वेन्स त्याच्या खाली."

"कुठं?"

"मोबाईलवर. आमचे हे रोज खेळत्यात."

यावर जो गलका झाला तो सांगण्यात अर्थ नाही. सगळ्या एकदम बोलत होत्या आणि कुणीच ऐकत नव्हतं. हातातली खिडकी जातेय की काय, असं शालूबाईला वाटलं, आणि ती एरवी बोलायची नाही तेवढं बोलली. "निशा, पोत्यात एकशेऐंशी नंबरचा मोठा दाणा किती निघतोय?"

"मूठभर."

"म्हणून त्यो वरच्या ट्रेत जातोय. तुकडा ढिगानं निघतोय, त्यो खाली. पत्त्याचंबी तसंच. जे कमी येतंय ते वर. वीस वर्षं बघतोय आम्ही, कलर उठसूट येतोय, सिक्वेन्स कवातरी."

निशा हटली नाही. तिनं सरळ नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. प्रसेनजीत गडहिंग्लजच्या स्टँडवर गाडी लावून चहा पीत होता. त्याला बारा बायकांनी एकदम प्रश्न विचारला. बिचाऱ्यानं आधी आपलं काय चुकलं तेच विचारलं. मग त्याला कळलं.

"किती पानं वाटलीसा?" त्यानं विचारलं.

"तीन."

"मग सिक्वेन्स वर. अगं, मी खेळतो त्यो पाच पानांचा डाव. पाचच्या पाच पानं एका रंगाची याला नशीब लागतंय, म्हणून तिथं कलर वर. तीन पानं एका रंगाची कुणालाबी येत्यात. तीन पानांत सिक्वेन्सच कमी येतोय. आणि एक छत्तीस पानांचा डाव असतोय, बारकी पानं काढून टाकलेला. त्यात तर कलर अजून वर चढतोय. एका डावात ज्याच्याकडं काय बी न्हाय त्योच जिंकतोय."

"असला डाव हाय व्हय?" कुणीतरी म्हणालं. "मग आमीच जिंकतोय की रोज."

बायका हसल्या. सोनूबाईनं फोनजवळ तोंड नेलं. "पावणं, म्हंजे जे कमी येतंय ते वर, असंच की सगळीकडं?"

"बहुतेक. पन ट्रेलचं, तीन सारख्या पानांचं, तसं न्हाय. मोजून बघितलं तर तीन पानांत ट्रेलपरास एका रंगातला सिक्वेन्स थोडा कमीच येतोय. तरी ट्रेलच वर धरत्यात. का, ते कुणी विचारत न्हाय. रीत हाय." तेवढ्यात त्याच्या गाडीची वेळ झाली.

निशानं फोन ठेवला. नवऱ्यानंच तिला हरवलं होतं. "घ्या मावशी," ती म्हणाली, "बसा खिडकीत." तिच्या मनात अढी नव्हती, हे शालूबाईला दिसलं आणि तिला बरं वाटलं. दुपारी ती खिडकीजवळ बसली. दाण्याची बारीक चीरही दिसत होती. सुटीच्या वेळेपर्यंत तिच्या ट्रेमधून एकही पाकळी मागं आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. डबा खिडकीच्या कट्ट्यावरच असतो. कालची पानं पुन्हा एकदा बघावीत, असं तिला वाटलं. माणसाला आपली जीत दोनदा बघावीशी वाटते, त्यात वावगं काही नाही. तिनंच शेवटी पानं टाकली होती, म्हणजे ती वरच असणार. तिनं वरची तीन उचलली आणि उजेडात धरली. किलवरची सत्ती. इस्पिकची नव्वी. आणि चौकटची छक्की.

तिनं डोळे पुसून पुन्हा बघितलं. मग सगळा जोड चाळला. चौकटची अठ्ठी खाली मधेच कुठंतरी निघाली. दोन्ही पानं शेजारी धरली. उजेडात सहा हा सहा होता आणि आठ हा आठ. ट्यूबलाइटखाली तिनं सहाला आठ वाचलं होतं. सिक्वेन्स नव्हताच. नव्वी वर, बाकी काही नाही. तिच्यापेक्षा टेबलावरच्या निम्म्या बायकांची पानं चांगली होती.

तिनं डबा बंद केला. बायका आल्या, काम सुरू झालं. चार तास ती खिडकीत बसून दाणे निवडत होती आणि एकच गोष्ट घोळवत होती. कुणाला कळणार नव्हतं. बावीस तारीख फार लांब नव्हती. खरं सांगायचं तर डोळ्यांचंही सांगावं लागणार, आणि ती गोष्ट फिरत फिरत विजयसिंहाच्या कानावर गेली की पुन्हा ते खालचं तेल, ते हात. पण समोर ट्यूबलाइटखाली निशा मधेमधे कपाळ दाबून धरत होती. ते बघणं शालूबाईला जमेना. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज खिडकीच्या वाऱ्यानंही गेली नाही.

जेवणाच्या सुट्टीत विजयसिंह बाहेर गेल्यावर ती उभी राहिली. "काल माझा सिक्वेन्स न्हवता," ती म्हणाली. "छक्कीला अठ्ठी वाचली मी. मुद्दाम न्हाय. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. बावीसला ऑपरेशन हाय. कुणाला बोलले न्हाय, कारण बाळाबाईचं काय झालं ते तुमाला ठाव हाय. खिडकी निशाची."

सोनूबाईनं हातातली भाकरी जेवणाच्या डब्यात परत ठेवली.

निशा म्हणाली, "न्हाय. डाव चुकला म्हंजे डावच झाला न्हाय. परत पानं उचलायची."

"सगळ्यांनी?" सोनूबाईनं विचारलं.

"आमी दोघींनी. बाकीच्यांचं काय म्हणणं हाय का?" बाकीच्यांचं काही म्हणणं नव्हतं.

सोनूबाईनं पत्ते पिसले, तीन निशापुढं टाकले, तीन शालूबाईपुढं. निशानं आपले उचलले. "राणी वर. बाकी काय न्हाय." आणि पालथे टाकले.

शालूबाईनं आपले पत्ते पुढं सरकवले. "माझी तू वाच. मला भरवसा न्हाय माझ्या डोळ्यांचा."

वीस वर्षांत पहिल्यांदाच एकीची पानं दुसरीनं हातात घेतली. निशानं ती छातीजवळ धरली आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या त्या कबनूरच्या आवाजात सांगितलं, "ट्रेल. तीन गुलाम." तिनं पानं डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

निशाला एक गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती. डब्यात गुलाम दोनच होते.

बाकीच्या अकराजणींना ते पाठ होतं. कुणी खाली बघितलं, कुणी पाण्याची बाटली तोंडाला लावली. एकीला हसू आलं, तिनं पदर तोंडावर घेतला. शालूबाईचा चेहरा तापला. सकाळपासून जिवाला लावून घेऊन खरं बोलली, आणि त्या खऱ्यावर या पोरीनं असं धडधडीत खोटं ठेवलं. तिला रागवायचं होतं. पण तोंड उघडलं तर रडूच येईल असं वाटलं. तिनं सोनूबाईकडं बघितलं. डबा सोनूबाईचा, शेवटचा शब्द तिचा.

सोनूबाईनं डब्यावर हात ठेवला. "वाचलं ते खरं," ती म्हणाली. "ट्रेलच्या वर काय न्हाय. जा शालू, बस."

निशा अभिमानानं सगळ्यांकडं बघत होती. आपण किती बेमालूम खोटं बोललो, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. शालूबाई तिच्याजवळून जाताना थांबली. "ऑपरेशन झालं की तुला एक सांगायचं हाय," ती म्हणाली. "आता नगं."

ती खिडकीजवळच्या स्टुलावर बसली आणि ट्रे पुढं ओढला. बाळाबाईचं म्हणणं खोटं ठरलं. दुपारभर तिला वारा लागत होता.