सहा मिनिटांची चाल

काष्टीहून नगरच्या दवाखान्यात येईपर्यंत भागिरथी गाडीच्या दाराची कडी घट्ट धरून बसली होती. तिची थोरली बहीण, अक्का, दम लागतो म्हणून अशीच दवाखान्यात गेली होती. तिच्या तोंडाला मशीन लागलं आणि ती परत आली ती झाकूनच. तेव्हापासून भागिरथीनं आपला दम घरात कुणाला कळू दिला नव्हता. "गुडघं धरल्यात," म्हणायची आणि उंबऱ्याबाहेर पडायची नाही. पण परवा न्हाणीतून येताना तिचे ओठ निळे पडलेले सुनेनं, प्रज्ञानं पाहिले आणि आज ती तिला घेऊन आली.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात रोहिणी नावाच्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला.

"मावशी, सहा मिनिटं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. दम लागला की थांबा."

"आन् पडले तर?"

"मी जवळच आहे."

पहिली फेरी बरी गेली. वळताना मात्र छातीत कुणी गाठ आवळावी तसं झालं. अक्काचा वासलेला जबडा डोळ्यांपुढं आला. थांबलं तर मशीन लावतील, या धास्तीनं भागिरथी उलट भराभर चालू लागली. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं भिंत धरली. श्वास आत जाईना, बाहेर येईना.

"मशीन... नगं... घरी न्हे..."

रोहिणीनं तिला खुर्चीत टेकवून पुढं वाकवलं. "चहावर घालता तशी फुंकर घाला. आधी श्वास सोडा, घ्यायची घाई नको."

बराच वेळ भागिरथी नुसती फुंकत राहिली. प्रज्ञाचा हात तिनं नखं रुतेस्तोवर दाबला होता.

"आई, गुडघे दुखतच नव्हते ना?"

भागिरथीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अक्कावानी व्हईल वाटलं."

"अक्कांना उचलून आणलं होतं. तुम्ही चालत आलात."

डॉक्टरांनी आकडे पाहिले. बसल्यावर ऑक्सिजन ठीक होता, चालताना फार खाली जात होता. भरपूर विश्रांतीनंतर नाकाला बारीक नळी लावून त्यांनी तिला पुन्हा चालवलं. भागिरथी दोनदा थांबली, पण ओठ निळे पडले नाहीत. डॉक्टरांनी चालताना वापरायला ऑक्सिजन, श्वासावाटे ओढायचं औषध आणि रोजचा व्यायाम लिहून दिला.

"ही नळी घरी येऊ दे," ती प्रज्ञाला म्हणाली. "पर रात्री दम कोंडंल ह्या भ्यानं मला एकटीला झोपवत न्हाई."

"मी अंथरूण तुमच्याजवळ टाकीन."

"रोज?"

"रोज."