बीप न करणारी गाडी

सेल्समनने घोळ घातला तो दारातच. "या सर," असं तो माझ्या मुलाला म्हणाला आणि मग माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही सोफ्यावर बसा, तिथे पंख्याचा वारा छान लागतो."

"गाडी मला घ्यायची आहे," मी म्हटलं. "सोफ्यावर ह्यांना बसवा."

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. ते विमा कंपनीत आहेत. कुठेही गेले की आग लागली तर पळायचं कुठून, हे आधी बघून ठेवतात. स्वतःच्या लग्नातही बघितलं होतं.

मी भूल देणारी डॉक्टर. सगळी नोकरी ऑपरेशनच्या टेबलाच्या डोक्याशी बसून काढली. पेशंटचा श्वास मी सांभाळायचा आणि फुलांचे गुच्छ सर्जनने न्यायचे. निवृत्त झाल्यावर टर्बो इंजिनाची एक बुटकी, वेडी गाडी घ्यायची हे मी कधीचंच ठरवून टाकलं होतं. कारण विचाराल तर मला वेगाने जायला आवडतं. बाकी काही नाही.

शोरूममध्ये एकाच गाडीच्या दोन पिढ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. जुनी हिरवी, एकाच मालकाने वापरलेली, गियरच्या मुठीवरचं कातडं झिजलेलं. नवी करडी. तिला क्लच नाही, गियर आपले आपण बदलणार, समोर टीव्हीसारखा पडदा.

"घ्यायचीच तर नवी घे," मुलगा म्हणाला. "तुझा डावा गुडघा बदललाय आणि क्लच डाव्या पायाने दाबतात."

"दाबतात होय? तुला गाडी शिकवली कोणी?"

"दोन्ही चालवून बघ. पण धड एकही जमली नाही, तर यापुढे गाडी मी चालवणार आणि तू शेजारी बसणार. कबूल?"

शेजारी! माझ्या सगळ्या मैत्रिणी आता शेजारी बसतात. कोणी मुलाच्या, कोणी सुनेच्या. पर्स मांडीवर घ्यायची आणि "सिग्नल लाल आहे हं" एवढं म्हणायचं. तरी मी "कबूल" म्हणाले. माघार घेतली असती तर तिथेच हरले असते.

खोटं कशाला बोलू, नवी गाडी लोण्यासारखी पळाली. गुडघ्याला काही काम नव्हतं. मागच्या अरुंद सीटवर सेल्समन गुडघे हनुवटीला टेकवून तिचे गोडवे गात होता. पण ती बया गप्प बसेना. रस्त्यावरचा पट्टा ओलांडला, बीप. कडेने स्कूटर आली, बीप. मी जरा जांभई दिली तर पडद्यावर वाफाळता कप उगवला: विश्रांती घ्या. अगं, सांगायला घरी एक आहे की!

मग एक मोठी, लांबलचक बीप वाजली आणि मी शेजारी बसलेल्या मुलाच्या तोंडाकडे बघितलं.

ऑपरेशन चालू असताना बीप बदलली की मशीनकडे नंतर बघायचं, आधी पेशंटकडे. ओठांचा रंग बघायचा, छाती हलते का बघायचं. ओरडणाऱ्या पेशंटची मला कधीच धास्ती वाटली नाही. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. धास्ती गप्प पडलेल्याची. हे मी कित्येक ज्युनियरांच्या डोक्यात भरलं आणि ते माझ्या स्वतःच्या मानेत जाऊन बसलं. मान आपोआप वळली. मुलाचे ओठ ठीक होते, छाती हलत होती. पुढे मात्र एक टेम्पो थांबला होता, तो मला दिसलाच नाही. गाडीनेच करकचून ब्रेक लावला आणि आम्ही तिघं सीटबेल्टच्या पट्ट्यांत लटकलो.

गाडी कडेला घेतली तेव्हा मुलगा पांढराफटक पडला होता. "समोर बघायचं सोडून माझ्याकडे काय बघत होतीस?"

"तुझा श्वास चालू आहे का ते."

त्याने गाडीच्या पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "बघ, हिने वाचवलं. विषय संपला."

"हिनेच माझी मान वळवली. ही ओरडेपर्यंत मी समोर बघत होते."

"आणि उद्या खरंच दिसलं नाही तर? टेम्पोवाल्याचं काय?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. "टेम्पोवाल्यासाठीच सांगते, मला डोळे रस्त्यावर ठेवू देणारी गाडी हवी. हिरवीची किल्ली आणा."

हिरवीत बसल्यावर सेल्समनने आपला पट्टा दोनदा ओढून बघितला. क्लच दगडासारखा जड होता. सपाट रस्त्यावर निभावलं, पण टेकडीच्या चढावर पुढचा ट्रक थांबला आणि मलाही थांबावं लागलं. निघताना क्लच पायाखालून झटकन सुटला, गाडी बंद पडली, हातभर मागे घसरली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेना. मुलाचा हात हँडब्रेककडे गेला.

"हात काढ."

"आई, जमत नाहीये."

"हात काढ म्हणते ना!"

गुडघ्यात आग पेटली होती. हँडब्रेक मीच ओढला, गाडी पुन्हा चालू केली आणि क्लच हळूहळू सोडायला लागले. सुईने शीर शोधावी तसा माझा पाय क्लच पकड घेतो ती नेमकी जागा शोधत होता. सापडली. हँडब्रेक सोडताच गाडीने नाक उचललं आणि निघाली.

ट्रक डावीकडे वळून गेला. समोर मोकळा चढ. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि काहीच झालं नाही. जुन्या टर्बोचं असंच असतं, ती आधी श्वास भरून घेते. मी वाट बघितली. मग पाठीत असा दणका बसला की मला हसूच फुटलं.

"कागद हिरवीचे करा," मी मागे न बघता सेल्समनला सांगितलं.

"आई, हळू! आई!" शेजारी मुलगा किंचाळत होता. माझी मान त्याच्याकडे वळायला बघत होती, मी वळू दिली नाही. एवढ्या मोठ्याने ओरडत होता म्हणजे श्वास अगदी छान चालू होता. मी समोर बघत पुढचा गियर टाकला.