वच्छला निपचित पडली

मी एक जुने सागवानी टेबल आहे, मित्रांनो. कामरगावच्या दवाखान्यात रोग्याला माझ्यावर निजवून पोट तपासत. सुताराने माझे कोपरे गोल केले, कुणाला लागू नयेत म्हणून.

दुखणे मला निजणाऱ्याच्या हालचालीवरून कळे. मुतखड्याचा माणूस गडबडा लोळे. डॉक्टर आधी हात चोळून गरम करत, रोग्याला गुडघे दुमडायला लावत आणि दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करत.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात वच्छलेला आणले. दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली उतरले होते. डॉक्टरांनी तिथे हळूच दाबले, तेव्हा ती कण्हली. हात एकदम उचलला, तेव्हा किंचाळली.

"आतड्याच्या शेपटीला, अपेंडिक्सला, सूज आहे. आजच अकोल्याला न्या. ऑपरेशन करावे लागेल."

सासू हौसाबाई हसली. "पोट फाडता काय पोरीचं, डाक्तर? बेंबी सरकली तिची. आमची भागिरथा चोळून देते. सकाळी भाकरी थापते का नाई पाहा!"

"आत्याबाई, मले जाऊ द्या ना अकोल्याले," वच्छला विनवू लागली.

"चाल वं, उठ. नखरे नको करू."

पुढचे मला नंतर दवाखान्यात ऐकून कळले. घरी शेजारच्या भागिरथेने एरंडेल लावून तिचे पोट चोळले. चोळता चोळता दुखणे एकदम थांबले. घरात आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, म्हणून नवरा तिला बैलगाडीतून घेऊन आला. हौसाबाई ऐटीत म्हणाली, "पाहा, आता हूं का चूं नाई. जराशी कणकण आहे फक्त."

माझ्या फळ्यांना मात्र कळले. वच्छला हलतच नव्हती. श्वाससुद्धा पोट हलू न देता, वरच्यावर घेत होती. डॉक्टरांनी मला गुडघ्याने हलकासा धक्का दिला. तेवढ्याने तिने डोळे घट्ट मिटले. पोट माझ्याइतकेच कडक झाले होते. त्यावर नळी लावून डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. आत गुरगुर नव्हती.

"ती शेपटी आत फुटली, हौसाबाई. काल आराम पडला तो त्यानेच."

"मंग न्या ना आता अकोल्याले! काहून उभे राह्यले?"

जीप आली. अकोला यायच्या आधीच वच्छला गेली.

आता मी कोठीत आहे. माझ्यावर ब्लीचिंग पावडरची पोती आहेत आणि एका पायाला वाळवी लागली आहे. ती झटकली नाही तरी चालेल. पण मित्रांनो, पोट दुखणाऱ्याला चोळू नका, एरंडेल पाजूही नका. कण्हणारा माणूस एकाएकी गप्प पडला, तर हायसे वाटून उठू नका. तो हलत का नाही, हे त्याला विचारा. आणि विचारण्याआधी गाडी जुंपा.