जशीच्या तशी

पोलीस घरात शिरले तेव्हा रुखमाबाई पोट दाबून खाटेवर पडली होती. वणीच्या एका कोळसा डेपोवरच्या मुनीमाची बॅग कोणीतरी पळवली होती. त्या डेपोवर ट्रक चालवणारा संघदीप हा देवरावाचा पुतण्या, आणि तो आदल्या दिवशी काकाकडे मुक्कामाला होता. एवढं पुरे झालं. ज्वारीच्या कोठीत हात घालून त्यांनी कापडी पिशवी काढली. आत एक लाख दहा हजार रुपये होते.

"माह्या बैलाचे पैसे हायेत साहेब," देवराव म्हणाला. "पोळा झाल्यावर जोडी इकली. हिच्या पोटात गाठ हाये. ऑपरेशन करा लागते."

"चोराच्या घरी सगळ्यांच्याच पोटात गाठ असते," हवालदार म्हणाला आणि पंचनाम्यात 'चोरीची संशयित रक्कम' असं लिहून मोकळा झाला. संघदीपवर चोरीचा खटला भरला गेला. गरिबाच्या कोठीत नोटा सापडल्या की त्या चोरीच्याच, याला आपल्याकडे पुरावा लागत नाही.

देवराव मात्र हात जोडून बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं बैलबाजाराची पावती शोधली, जोडी घेणाऱ्याला धुंडून आणलं आणि नगराळे वकीलबाईंना गाठलं. बाईंनी अर्जात ठळक लिहिलं, की पत्नीची शस्त्रक्रिया तातडीची आहे. 'तपास चालू आहे' म्हणत सरकारी पक्षानं तारखांवर तारखा खाल्ल्या. शेवटी पौषात न्यायाधीशांनी पावती पाहिली, डॉक्टरची चिठ्ठी पाहिली आणि रक्कम सुपुर्दनाम्यावर द्यायचा हुकूम केला. म्हणजे माल मालकाच्या ताब्यात, पण खटला संपेपर्यंत कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची हमी.

हमीचा कागद छापील होता. गाड्या आणि गुरं सोडवायला लागतो तोच. कारकुनानं मोकळ्या जागेत 'रोख रक्कम' असं लिहिलं, सोबत नोटांच्या नंबरांची यादी जोडली आणि भरभर वाचून दाखवलं: "सदर मालमत्ता विकणार नाही, तिच्या रूपात बदल करणार नाही, कोर्ट मागेल तेव्हा जशीच्या तशी हजर करीन." देवरावानं सही केली. शेजारचा भगवानराव तीन एकराचा सातबारा लावून जामीन राहिला. वकीलबाईंच्या दुसऱ्या खटल्याचा पुकारा झाला होता. "झालं काका! आता लागा पुढच्या कामाला," म्हणत त्या धावल्याच.

देवरावाला हा कागद नवा नव्हता. पाच वर्षांमागं बाजारातून जोडी आणताना टेम्पो अडवला होता, कत्तलीला नेताय म्हणून. तेव्हाच्या सुपुर्दनाम्यात बैलांचा रंग, शिंगांची ठेवण, कपाळावरचा चांद, सगळं लिहिलेलं होतं. त्याच टेम्पोत भगवानरावाचाही बैल होता. या शहाण्यानं तो मधेच विकला आणि तारखेला दुसराच बैल नेऊन उभा केला. कागदावरच्या शिंगाशी शिंग जुळेना, आणि जामिनाची रक्कम गेली. गाव अजून त्यावर हसतं.

"हे पाह्य देवराव," परतताना बसमध्ये भगवानराव म्हणाला, "बैलाचं शिंग तसा नोटेचा नंबर. त्याच्याचसाठी तं यादी लावली. एक नोट हालली तं माह्यं वावर गेलं समज."

"हाव. नाही हालत."

शंका आली तर माणूस चार जणांना विचारतो. देवरावाला शंकाच नव्हती, त्याला माहीत होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथं तर शेजाऱ्याचं तोंड त्याच्या डोळ्यांदेखत पोळलं होतं.

पिशवी पुन्हा कोठीत गेली. "मंग आनले कायले?" रुखमाबाईनं विचारलं. "तिथंच राहू द्या लागत होते."

"तिथं उंदरं खातीन ना."

ती हसली, आणि हसताना कळ आली म्हणून पदर तोंडात धरला.

मोठ्या दवाखान्यात सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेतून नंबर लावला होता, तो पुढं सरकेना. माघात तिच्या पोटात अन्न ठरेनासं झालं. एका दुपारी देवरावानं पिशवी काढली आणि गाठ सोडली. रुखमाबाईनंच हात धरला. "नका करू. भगवानभाऊचं वावर जाईन, लेकरंबाळं हायेत त्याले. आन् तुमाले आत टाकलं तं मले पानी कोन देईन?"

देवरावानं गाठ पुन्हा बांधली. असल्या इमानाचा राग यावा इतकं ते दोघं इमानदार होते.

शिमग्याच्या आधी रुखमाबाई गेली. विहारात वर्गणी झाली आणि त्यातून मौतीचा खर्च भागला. पिशवी कोठीतच होती.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढात समन्स आलं: मुद्देमालासह हजर राहावे. देवराव पिशवी पोटाशी धरून गेला, सोबत भगवानराव. कारकुनानं यादी काढली आणि एकेक नंबर जुळवत गेला. जुळवता जुळवता त्यानं चष्माच काढला.

"सगळ्या त्याच! बाबा, वीस वर्षांच्या नोकरीत असा माणूस नाही पाहिला."

देवरावाला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच बरं वाटलं. तेवढ्यात वकीलबाई आत आल्या.

"काका! काकू कशा आहेत? झालं ना ऑपरेशन?"

"थे गेली बाई. शिमग्याच्या आधी."

"अरे देवा. डॉक्टरांनी उशीर केला का?"

"नाही. पैसे नव्हते."

वकीलबाईंची नजर टेबलावर गेली. पिशवी, नोटा, यादी. त्यांचा चेहरा उतरला. "काका, ऑपरेशनसाठीच तर दिले होते साहेबांनी. मागितले असते तेव्हा तेवढी रक्कम भरली की झालं असतं. यादी नुसती पुराव्याला असते, कुठल्याही नोटा चालल्या असत्या."

भगवानराव बाकावरून उठला आणि कोणाकडे न पाहता बाहेर गेला.

देवराव कारकुनाकडे वळला. "कागदावर 'जशीच्या तशी' लिवलं होतं ना जी?"

"हो," कारकून हळू आवाजात म्हणाला. "पण ते छापीलच असतं, बाबा."

संध्याकाळपर्यंत निकाल लागला. संघदीप सुटला, आणि रक्कम कायमची देवरावाची झाली. कारकुनानं यादी फाइलला लावली, पिशवीची गाठ स्वतः नीट मारली आणि ती देवरावाच्या हातात दिली. "आता कोणाची हरकत नाही. मनाला येईल तिथं खर्च करा."

देवरावानं पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कायवर करू जी?"